भरलं घर, रिकामं घर

आमच्या आत्याच्या दारावर क्रोशाचं तोरण होतं. पांढऱ्या दोऱ्याचं, मधोमध ‘सुस्वागतम्’ अशी अक्षरं आणि दोन्ही टोकांना मोर. दुपारची जेवणं उरकली की ती मांडीवर चौकटीच्या वहीचं एक पान घेऊन बसायची. पानावर काही घरं पेन्सिलीनं काळी केलेली, काही कोरी. काळं घर आलं की खांब भरायचे, कोरं आलं की दोन साखळ्या घालून जागा मोकळी सोडायची. नियम एवढाच. ‘तीन भरली, एक रिकामं, दोन भरली’ असं पुटपुटत तिची सुई चालायची आणि बघता बघता मोराची मान वर यायची. मला तेव्हा वाटायचं की मोर त्या दोऱ्यात आधीपासून आहे आणि आत्या त्याला फक्त बाहेर काढते.

त्या तोरणाची आठवण मला इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या लेसच्या एका पडद्यानं करून दिली. तोही पांढऱ्या सुताचा, तोही भरलेल्या आणि रिकाम्या घरांचा. फरक इतकाच की तो पंधरा फूट लांब आणि पासष्ट इंच रुंद आहे आणि त्यात जळतं लंडन आहे. भिंतीवर उभा लावला तर माणसाचं डोकं त्याच्या तिसऱ्या हिश्शाशी येतं. वरचं पाहायला मान मागे टाकावी लागते. सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट आणि त्याच्याभोवती पेटलेल्या इमारती, बकिंगहॅम राजवाडा, गिल्डहॉल, ओल्ड बेली हे न्यायालय, ढगांमध्ये एकमेकांवर झेपावणारी विमानं, गुलाब आणि काटेरी थिसलची फुलं, खेड्यातली घरं, कापणीला आलेल्या गव्हाच्या लोंब्या, आणि ब्रिटनबरोबर कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका यांच्या हवाई दलांची चिन्हं. रंग एकही नाही. कुठे शाई नाही, भरतकाम नाही, वरून चिकटवलेलं काही नाही. जे दिसतं ते सगळं धागा कुठे दाट आहे आणि कुठे नाही यावरून दिसतं.

हा पडदा ‘बॅटल ऑफ ब्रिटन’चं स्मारक म्हणून विणला गेला. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि जर्मनी आणि ब्रिटन यांच्यामध्ये अरुंद समुद्राचा एक पट्टा तेवढा उरला. तो ओलांडण्याआधी जर्मन हवाई दलाला ब्रिटनचं आकाश रिकामं करून हवं होतं. ते १० जुलै ते ३१ ऑक्टोबर या काळात होऊ शकलं नाही. ब्रिटनच्या बाजूनं त्या काळात लढाऊ विमानांतून जे लढले ते तीन हजारांच्या आतच होते, आणि त्यातले ५४४ जण लढाई संपायच्या आत मेले. इतक्या थोड्या लोकांचं इतक्या सगळ्यांवर ऋण आहे, अशा अर्थाचं विन्स्टन चर्चिलचं वाक्य २० ऑगस्टचं, हाउस ऑफ कॉमन्समधल्या भाषणातलं. ते वाक्य पडद्यावर अक्षरांत विणलेलं आहे. ज्या सभागृहात ते उच्चारलं गेलं, ते पुढच्याच वर्षी मे महिन्यात बॉम्बनं उद्ध्वस्त झालं.

इथे मराठी वाचकासाठी एक धागा जोडून ठेवतो. दक्षिण इंग्लंडमधल्या वॉर्मवेल तळावरून त्या उन्हाळ्यात स्पिटफायर विमानं उडवणाऱ्या १५२ क्रमांकाच्या तुकडीचं नाव होतं ‘हैदराबाद’. विमानांचा खर्च निजामानं दिला होता आणि तुकडीच्या बोधचिन्हावर निजामाची पगडी होती. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे तेव्हा त्याच राज्यात होते. संस्थानाची तिजोरी भरत होती शेतसाऱ्यानं, आणि त्या साऱ्यात मराठवाड्याच्या काळ्या जमिनीचाही वाटा होता. पडद्यावर ही तुकडी वेगळी दाखवलेली नाही. पण तिथली विणलेली स्पिटफायर पाहताना मला ती गोष्ट विसरता येत नाही.

आता मुख्य प्रश्न. कॅथीड्रलचा घुमट, धूर, ज्वाळा, विमानाचे पंख हे सगळं यंत्र कसं विणतं?

लेसचं यंत्र हा माग नव्हे, ही गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. मागावर ताण्याचे धागे उभे आणि बाण्याचा धागा आडवा. एकाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून. त्यातून कापड होतं, जाळी होत नाही. जाळी व्हायची तर धाग्यांनी एकमेकांना पीळ घालायला हवा. हातानं लेस करणाऱ्या बायका उशीवर टाचण्या टोचून आणि लाकडी बॉबिन या हातातून त्या हातात टाकत हाच पीळ घालत. बराच काळ लोकांना वाटत होतं की हे काम यंत्राला जमणार नाही. बोटं जे करतात ते लोखंड कसं करेल?

जॉन हीथकोट नावाच्या माणसानं ते १८०८-०९ च्या सुमाराला जमवलं. त्याची युक्ती नजरेसमोर आणायची तर एक जुनं मोठं नाणं हातात घेतल्याची कल्पना करा. त्याच्या जाडीपेक्षाही कमी जागेत पितळेच्या दोन पातळ चकत्या एकमेकींना जोडलेल्या, आणि त्यांच्या फटीत गुंडाळलेला धागा. हे झालं बॉबिन. ते एका पातळ चौकटीत बसतं आणि ती चौकट घड्याळाच्या लंबकासारखी पुढेमागे झुलते. समोर ताण्याचे धागे उभे ताणलेले असतात. त्यांच्यामधल्या फटीतून बॉबिन आरपार जातं. तेवढ्यात ताण्याचा धागा किंचित बाजूला सरकतो. बॉबिन परत येतं ते दुसऱ्या फटीतून. झाला पीळ. अशी शेकडो बॉबिनं एका रांगेत एकाच वेळी झुलतात. फटी इतक्या अरुंद की एखादी चौकट जरा वाकडी झाली तरी शेजारचे धागे तुटतात.

हीथकोटच्या यंत्रातून षटकोनी छिद्रांची साधी जाळी निघायची. आपल्याकडच्या जुन्या सुती मच्छरदाण्या आठवत असतील तर त्यांची जाळीही अशीच षटकोनी असायची. या यंत्रांवर राग धरणारेही होते. १८१६ मध्ये लफबरो इथे लडाइट म्हणवल्या जाणाऱ्या यंत्रविरोधी कामगारांनी हीथकोटच्या कारखान्यात शिरून ५५ यंत्रं फोडली आणि तो आपला कारभार उचलून पार डेव्हनमधल्या टिव्हर्टनला गेला. नॉटिंगहॅम मात्र लेसचं शहर झालं ते झालंच.

१८४६ मध्ये जॉन लिव्हसीनं पडद्याच्या लेससाठी वेगळं यंत्र काढलं, आणि आपला पडदा त्याच्याच कुळातला. त्यात ताण्याचा धागा आणि बॉबिनचा धागा पीळ घेत सरळ उभे जातात आणि शेजारी शेजारी उभ्या रेघा तयार होतात. या रेघांना तिथले लोक ‘पिलर’ म्हणतात. खांब. आत्याच्या भाषेतला तोच शब्द मला परक्या यंत्रात सापडला तेव्हा मी खरोखर खुर्चीतून उठून उभा राहिलो. दोन्हीकडे कुणी कुणाचं ऐकलेलं नाही. पण सुतात उभी रेघ उभी केली की माणसाला तिच्यात खांबच दिसतो.

नुसत्या खांबांनी चित्र होत नाही. त्यासाठी धाग्यांची तिसरी टोळी लागते. हे धागे एका खांबाकडून दुसऱ्याकडे आडवे जाऊ शकतात, किंवा आपल्या खांबाला धरून जागच्या जागी थांबू शकतात. दोन खांबांमधलं घर त्यांनी पुन्हा पुन्हा ओलांडलं की ते भरतं, पांढरंशुभ्र होतं. ओलांडलं नाही की घर रिकामं राहतं. एकदाच ओलांडलं की मधली अवस्था, विरळ जाळी, जिच्यातून मागचं अर्धवट दिसतं. धूर त्या मधल्या अवस्थेतून केलेला आहे. घुमटाची कड भरलेल्या घरांची, तिच्यामागचा आभाळाचा तुकडा विरळ, आणि आगीचे लोळ या दोन्हींच्या मधले, कडेकडेनं विरत जाणारे.

पण कुठल्या क्षणी कुठल्या धाग्यानं ओलांडायचं आणि कुठल्यानं थांबायचं, हे यंत्राला सांगणार कोण? इथे जकार्ड येतं. इचलकरंजी किंवा मालेगावच्या मागांवर काम केलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगायला नको. जोझेफ मारी जकार्ड या फ्रेंच माणसाचं ते साधन १८०४ च्या आसपासचं. एक पुठ्ठा, त्यात ठरलेल्या जागी भोकं. पुठ्ठा सुयांच्या रांगेवर दाबला जातो. जिथे भोक आहे तिथे सुई आत शिरते, जिथे नाही तिथे अडते. शिरलेली सुई एका धाग्याला एक हुकूम देते, अडलेली दुसरा. मग साखळीतला पुढचा पुठ्ठा समोर येतो. आत्याच्या वहीचं पान म्हणजे पुठ्ठ्यांची अशीच साखळी होती. फरक एवढाच की तिथे सुईच्या जागी तिचे डोळे होते.

या पडद्यासाठी चाळीस हजार पुठ्ठे लागले.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मोजमापासाठी दुसरं काहीतरी हवं म्हणून शोधत बसलो. १८३९ मध्ये फ्रान्समधल्या लिऑं इथे जकार्डचंच एक चित्र रेशमात विणलं गेलं होतं, त्याच्याच पद्धतीनं, आणि ते इतकं बारीक होतं की पाहणाऱ्यांना ते छापील वाटायचं. त्याला चोवीस हजार पुठ्ठे लागले होते. आजच्या संगणकाचा पूर्वज मानल्या जाणाऱ्या यंत्राचा आराखडा करणाऱ्या चार्ल्स बॅबेजकडे त्या चित्राची प्रत होती आणि तो ती पाहुण्यांना दाखवायचा. आपल्या यंत्रालाही पुठ्ठ्यांनीच हुकूम द्यायचे हे त्यानं जकार्डकडूनच घेतलं. नॉटिंगहॅमच्या पडद्याला त्याच्या दीडपटीहून जास्त पुठ्ठे. पडद्याची लांबी १८० इंच धरून भागाकार केला तर एका इंचाला सव्वादोनशेच्या आसपास पुठ्ठे येतात. पट्टी घेऊन एक इंच बोटांच्या चिमटीत धरून पाहा. तेवढ्यासाठी सव्वादोनशे.

हा पडदा बनवणाऱ्यांची नावं सांगायला हवीत, कारण लेसमध्ये सहसा कुणाचं नाव राहत नाही. कारखाना डॉबसन्स अँड एम. ब्राउन अँड कंपनी, नॉटिंगहॅम. चित्र हॅरी क्रॉस यांचं. त्यांना ते करायला दोन वर्षं लागली. पण चित्रकाराचं चित्र यंत्राला कळत नाही. ते मोठं करून चौकटीच्या कागदावर उतरवायचं, एकेका घरात खूण करायची, आणि प्रत्येक खुणेचा अर्थ ‘हा धागा ओलांडेल, हा थांबेल’ असा लावायचा. जे. डब्ल्यू. हेरॉड आणि डब्ल्यू. आर. जॅक्सन या दोन ड्राफ्ट्समननी हे काम पंधरा महिने केलं. त्यानंतर पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, मग ते क्रमानं एकमेकांना दोरीनं बांधायचे. एक पुठ्ठा चुकला तर एखाद्या पंखाला नको तिथे भोक पडणार. विणायला बसल्यावर एका पडद्याला एक आठवडा लागत असे.

हे सगळं चाललं होतं १९४२ ते १९४६ मध्ये, म्हणजे बहुतांशी युद्धाच्याच दिवसांत. पडद्याचं सूत इजिप्तच्या लांब धाग्याच्या कापसाचं होतं, आणि १९४२ च्या शरदात त्याच इजिप्तच्या वाळवंटात एल अलामीनची लढाई झाली. खुद्द नॉटिंगहॅमवरही बॉम्ब पडले होते, ८-९ मे १९४१ च्या रात्री. लेसचे कारखाने त्या काळात सैन्यासाठी मच्छरदाण्या आणि तोफा-गाड्या झाकायच्या जाळ्या विणत होते. पडद्यांना गिऱ्हाईक कुठलं? १ सप्टेंबर १९३९ पासून ब्रिटनच्या प्रत्येक खिडकीवर संध्याकाळी काळं कापड सोडायची सक्ती होती, शत्रूच्या विमानाला उजेडाचा कवडसाही दिसू नये म्हणून. लेसचा पडदा ज्या एका गोष्टीसाठी असतो, ती म्हणजे आतला माणूस झाकून बाहेरचा उजेड आत येऊ देणं. नेमकी तीच गोष्ट सबंध देशात बंद झालेली. अशा दिवसांत एका शहरातली काही माणसं आपल्या हातातली सगळ्यात नाजूक कला घेऊन देशावर पडलेल्या आगीचं चित्र घडवायला बसली. मला या गोष्टीपुढे नुसतं गप्प बसावंसं वाटतं.

पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये याच्याशी नातं सांगणारी एक गोष्ट घडली होती. जर्मन ताब्यातल्या त्या देशात लेस करणाऱ्या हजारो बायकांकडे सूत उरलं नव्हतं. हर्बर्ट हूवर, जे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले, त्यांच्या मदत मंडळानं दोन्ही बाजूंशी बोलून सूत आत आणि तयार लेस बाहेर जाऊ द्यायची परवानगी मिळवली. त्या बायकांनी दोस्त राष्ट्रांची राजचिन्हं उशीवरच्या टाचण्यांभोवती विणली. त्यातली काही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहात आहेत. ते काम बोटांचं होतं. नॉटिंगहॅमचं काम यंत्राचं. तरीही मला दोन्हींत एकच धीर दिसतो.

यंत्राचं म्हटलं की माणूस दूर झाला असं वाटतं, म्हणून थोडं जवळ जाऊ. यंत्र चालवणाऱ्या पुरुषांना नॉटिंगहॅममध्ये ‘ट्विस्टहँड’ म्हणत, पीळ घालणारा हात. लेसच्या यंत्राला तेल देऊन चालत नाही, तेलाचा डाग सुतातून निघत नाही. म्हणून पेन्सिलीत असतं तसं काळं शिसं, ग्राफाइट, चौकटींना चोळतात. त्याची पूड हातांवर, कपड्यांवर, लेसवरही बसते. म्हणजे आज आपण काचेमागे जो पांढराशुभ्र पडदा बघतो, तो यंत्रातून बाहेर पडला तेव्हा मळकट करडा होता. धुराचं चित्र काजळी लागलेल्या अवस्थेत जन्माला आलं. मग तो बायकांकडे जाई. कुठे धागा तुटला आहे, कुठे घर चुकून रिकामं राहिलं आहे, हे त्या सबंध लांबी डोळ्यांखालून घालून शोधत आणि सुईनं असं सांधत की सांधा कुणाला दिसू नये. मग धुणं, शुभ्र करणं, खळ देणं, चौकटीवर ताणून वाळवणं. हॅरी क्रॉस यांचं नाव राहिलं. ज्या बाईनं एखाद्या विमानाचा तुटलेला पंख सांधला तिचं राहिलं नाही, आणि तिनं ते इतकं चांगलं केलं की तिचं काम आपल्याला शोधूनही सापडणार नाही.

असे ३८ पडदे विणले गेले असं सांगतात. राजा सहावे जॉर्ज, चर्चिल, वेस्टमिन्स्टर ॲबी, लंडन आणि नॉटिंगहॅम ही शहरं, आणि ज्यांचे वैमानिक त्या लढाईत होते त्या देशांच्या हवाई दलांना ते भेट म्हणून गेले. नंतर पुठ्ठे नष्ट केले. पुन्हा कुणी तोच पडदा विणू नये हा त्यामागचा हेतू. त्यामुळे आज जिथे कुठे हा पडदा प्रदर्शनात लागतो, तिथे समोर असतो तो त्या मोजक्यांपैकी एक.

आणि प्रदर्शनात लेस लावणं ही स्वतःच एक विद्या आहे. रंगीत चित्र भिंतीवर टांगलं की झालं. लेसच्या मागे काय आहे यावर तिचं दिसणं अवलंबून असतं. मागे गडद निळं किंवा काळं कापड लावलं तर भरलेली घरं पांढरी उठून दिसतात आणि रिकामी घरं रात्र होतात. घुमट उजेडात आणि आकाश काळोखात. हाच पडदा दुपारच्या खिडकीवर सोडा आणि खोलीच्या आतून बघा. आता उजेड मागून येतो. भरलेली घरं उजेड अडवतात म्हणून काळसर दिसतात, रिकाम्या घरांतून ऊन आत येतं. घुमट सावलीसारखा, आकाश पेटलेलं. एकच सूत, एकही धागा न हलवता, छायाचित्राच्या निगेटिव्हसारखं उलटं झालेलं. प्रदर्शनात शक्य असेल तर थोडं बाजूनं, तिरप्या कोनातून बघावं. दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळताना दिसतात आणि धूर हलल्यासारखा वाटतो.

त्या घुमटाचा प्रसंग खरा आहे. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री लंडनच्या जुन्या भागावर हजारो आगलावे बॉम्ब पडले. गिल्डहॉल जळाला, आजूबाजूच्या गल्ल्या जळाल्या. सेंट पॉलच्या छतावर स्वयंसेवक पाण्याच्या बादल्या आणि वाळूच्या पिशव्या घेऊन उभे होते. पडणारे बॉम्ब ते विझवत होते. हर्बर्ट मेसन या छायाचित्रकारानं जवळच्या एका गच्चीवरून धुराच्या फटीत दिसलेल्या घुमटाचं छायाचित्र घेतलं आणि ते जगभर गेलं. पडद्यावर तोच क्षण आहे, धुरासकट. छायाचित्रात धूर म्हणजे चांदीच्या कणांचा करडा रंग. इथे धूर म्हणजे एकदाच ओलांडलेला धागा.

कापसाचं सूत मात्र छायाचित्राहून हळवं असतं. उजेडानं ते पिवळं पडतं, ठिसूळ होतं. म्हणून संग्रहालयात लेसवरचा उजेड मंद ठेवतात, साधारण पन्नास लक्स. बाहेरून आलेल्या माणसाला आधी अंधारल्यासारखं वाटतं. मिनिटभर थांबलं की डोळे सरावतात आणि पडदा उगवत जातो. पंधरा फूट कापडाचं स्वतःचं वजनही असतं. ते वर्षानुवर्षं वरच्या कडेवर लटकत राहिलं तर खांब ताणले जातात, घरं लांबट होतात, घुमट हळूहळू खाली ओघळतो. म्हणून कुणी तो मागून पाठिंब्याच्या कापडावर ठिकठिकाणी टाके घालून बसवतात, कुणी काही काळ दाखवून मग नळीवर गुंडाळून विश्रांतीला ठेवतात. घडी घालणं सगळ्यात वाईट, घडीच्या रेषेवर धागे तुटतात.

ज्या यंत्रांवर हे झालं ती आता नॉटिंगहॅमच्या कारखान्यांत धडधडत नाहीत. नॉटिंगहॅम पद्धतीची पडद्याची जुनी यंत्रं अजून चालू आहेत ती स्कॉटलंडमधल्या न्यूमिल्न्स या गावात. तिथे जकार्डला आता पुठ्ठ्याऐवजी संगणकाकडून हुकूम येतात. पुठ्ठ्यांनी संगणकाला जन्म द्यायला मदत केली, आणि संगणक परत लेसकडे आला. येवल्याच्या आणि इचलकरंजीच्या काही मागांवरही हाच प्रवास झालेला मी पाहिला आहे. तिथल्या एका विणकराच्या घरात माळ्यावर जुने पुठ्ठे दोरीनं बांधून ठेवलेले होते, काठाच्या नक्षीचे. ‘माणसाला लागतात कधी कधी,’ एवढंच तो म्हणाला.

आत्याचं तोरण दहा-बारा पावसाळ्यांत विरून गेलं. दारावरचा धूर, धूळ, सणासुदीला धुणं. शेवटी मोरांच्या शेपट्यांत भोकं पडली आणि कुठलं घर मुद्दाम रिकामं आणि कुठलं फाटलेलं, हे कळेनासं झालं. चौकटीचं पान मात्र तिच्या शिवणाच्या डब्यात निघालं आणि आता माझ्याकडे आहे. नॉटिंगहॅमला नेमकं उलट झालं, पुठ्ठे गेले आणि कापड राहिलं. पानाच्या वरच्या कोपऱ्यात तिनं बारीक अक्षरात मोजून ठेवलंय: उंची ३४ घरं, लांबी १४६. ‘सु’च्या उकाराजवळ एक घर आधी काळं केलेलं, मग खोडून पुन्हा कोरं केलेलं दिसतं.